सरकारांनी लावलेला आंबा

दर मे महिन्यात एका रविवारी आमचं अख्खं बिऱ्हाड निपाणीपलीकडच्या सरकारांच्या बंगल्यावर बाग बघायला जातं. बेळगावातनं निघायचं सातला ठरतं, निघतो नऊला. उशीर बायकोमुळं झाला असं मी म्हणतो, माझ्यामुळं झाला असं ती म्हणते, आणि आई मागच्या सीटवर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन दोघांचंही ऐकत बसते. बंगल्याच्या फाटकावर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी आहे, कन्नडात आणि इंग्रजीत. आईला दोन्हीतलं काहीच वाचता येत नाही. त्यामुळं आमची फार सोय होते.

पूर्वी या बंगल्यात शिरायला लायकी लागायची, आता तिकीट लागतं. आत सरकारांचे पलंग आहेत, सरकारांच्या बंदुका आहेत आणि सरकारांनी मारलेल्या वाघाचं मुंडकं आहे. वाघाची एका बाजूची मिशी झडलीय. पुढं दोरी बांधून सरकारांचं न्हाणीघरही दाखवतात. लोक तिथं ओळीनं उभे राहून फोटो काढतात. स्वतःच्या घरची मोरी तुंबली तर महिनाभर ढुंकून बघणार नाहीत, पण दुसऱ्याच्या मोरीचा फोटो काढायला पाऊणशे किलोमीटर येतील. मीही काढलाय, खोटं कशाला बोलू?

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र बंगल्यात पाऊल टाकत नाहीत. ते तडक बागेत जातात, मधोमध असलेल्या आंब्याखाली. त्या आंब्याला लोखंडी कठडा केलाय आणि गाईड दर अर्ध्या तासाला तिथं येऊन घसा साफ करतो. ‘हे झाड थोरल्या सरकारांनी स्वतःच्या हातानं लावलेलं आहे. अस्सल हापूस!’ लोक ‘अरे वा’ म्हणतात. आप्पा खाली बघून भाकरी मोडत राहतात.

आता खरं काय ते सांगतो. विशीत असताना आप्पा याच बागेत रोजंदारीवर माळी होते. थोरल्या सरकारांनी पाहुण्यांच्या देखत हापूसचं कलम लावलं, इथपर्यंत गाईडचं बरोबर आहे. पण कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवायचा असतो, हे सरकारांना कुणी शिकवायचं? आप्पांनी तोंड उघडलं, तर दिवाणजींनी असे डोळे वटारले की उघडलेलं तोंड तसंच मिटलं. सरकारांनी सांधा चांगला वीतभर खोल गाडला, वरनं बुटानं माती दाबली, टाळ्या झाल्या, चहा झाला. सरकार गावाला गेले आणि कलमाची वाळून काटकी झाली.

झाड मेलं कुणामुळं? माळ्यामुळं! सरकारांच्या हातनं कधी काय मरतं का, वाघ सोडून? आप्पांची झोप उडाली. पहिला पाऊस पडून गेल्यावर एका दुपारी, सगळा बंगला जेवून घोरत असताना, त्यांनी गोठ्यामागच्या उकिरड्यावर आपसूक उगवलेलं रायवळ आंब्याचं रोप मुळासकट काढलं आणि त्या खड्ड्यात आणून लावलं. सरकार परत आले, रोप बघितलं आणि म्हणाले, ‘बघा, आमच्या हाताला यश आहे.’ त्या दिवसापासून उकिरड्यावरचा रायवळ हापूस झाला. फळं लिंबाएवढी, आणि एक खाल्लं की तासभर दातातनं धागे काढत बसायचं. हवामान बदलल्यामुळं चव बदलली, असं गाईड सांगतो.

आप्पांची एकच इच्छा होती. मरायच्या आधी त्या घरातल्या माणसाला तोंडावर सांगायचं, की हे झाड माझं आहे. बंगला तिकिटावर उघडला तेव्हापासून ते हेच सांगायला येतात आणि दरवर्षी ‘फुडल्या साली बघू’ म्हणून गाडीत बसतात. यंदा मात्र गुडघे पार गेले. फाटकापासून झाडापर्यंत जाताना तीनदा बसले. गाडीतच मला म्हणाले होते, ‘लेका, आता परत काय माझं येणं हुईत न्हाय. आज सांगतोच बघ.’

आम्ही झाडाखाली चादर पसरली. वॉचमन शिट्टी मारत आला, आईनं त्याला भाकरीवर खर्डा घालून दिला आणि शिट्टी बंद झाली. तेवढ्यात खुद्द धाकटे सरकार आले, थोरल्यांचे नातू. अर्धी चड्डी, हातात मोबाईल. ‘काय, आवडलं का? पाच स्टार द्या हं!’ ज्यांच्या आजोबांसमोर माझा बाप मान वर करत नव्हता, ते आता माझ्याकडं स्टार मागत होते. मला लई बरं वाटलं, लपवत नाही.

आप्पा कठडा धरून उठले. धाकट्या सरकारांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. ‘आजोबा, दरवर्षी दिसता तुम्ही. पूर्वी आमच्याकडं कामाला होता काय?’

घ्या! देवानं आयता घास तोंडाशी आणला होता. मी आप्पांना कोपरानं ढोसलं. आईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

आप्पांनी शर्ट खाली ओढून सारखा केला. ‘न्हाय जी,’ ते म्हणाले. ‘फिरायला आलोय. तिकीट काढून.’

‘छान, छान,’ म्हणत धाकटे सरकार पुढच्या चादरीकडं गेले.

माझं डोकंच फिरलं. ‘आप्पा, इतकी वर्षं घरात आमचा जीव खाल्लात, आणि तोंडावर इचारल्यावर न्हाय जी? थांबा, मीच जाऊन सांगतो.’

‘बस खाली,’ आप्पा म्हणाले. त्यांनी गवतात पडलेला एक आंबा उचलला, शर्टाला पुसला आणि चोखायला मऊ व्हावा म्हणून बोटांनी माचोळू लागले. ‘सांगितलं असतं तर खूश झाला असता त्यो. वाईट न्हाय पोरगं. खिशात हात घालून बक्षीस काढलं असतं त्यानं.’

‘मग नको म्हणायचं! तुमाला काय कमी हाय आता?’

‘कमी काय न्हाय रं,’ आप्पा म्हणाले. ‘पर माझा हात फुडं गेला असता.’