मांदेलीशेजारची मडमबाई

मुलांनो, तुमची सहलीची बोट बंदराला लागली की तुम्ही शांत किनारा शोधता आणि मला फोटो पाठवता. असा दिवस काढणारी पहिली बाई मी माहीमला पाहिली, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत.

कोळीवाड्याच्या वाळूवर मांदेली सुकत घातली होती. शेजारीच टॉवेल पसरून परदेशी प्रवासी बोटीवरची एक गोरी बाई उताणी पडली होती, नाकावर रुमाल आणि पायांत मोजे. मासळी उलटत आलेली कोळीण तिच्यापाशी थांबली. "गो बाय, ही बाजू झाली. आता पालथी हो!"

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई मुकाट्याने पालथी झाली. "बोटीवर सगळे मला नुसते जपतात," ती म्हणाली. "कुणीतरी दटावलं, बरं वाटलं."

संध्याकाळी तिची बोट सुटणार होती आणि हरताळामुळे एकही टॅक्सी दिसेना. घाबरले मी, ती शांतपणे मोज्यांतली वाळू झटकत होती. शेवटी कोळीणच म्हणाली, "आमचा ट्रक फोर्टात मोर्च्याला चाललाय. चढव तिला, बंदरावर सोडू."

ट्रक सुटला. कोळणींच्या मधोमध उभी राहून बाई टॉवेल फडकावत ओरडत होती, "झालाच पाहिजे!" काय झालं पाहिजे, हे तिने मला विचारलंही नव्हतं.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा किनाऱ्यावर गेले. कोळणीच्या डोक्याला तोच टॉवेल गुंडाळलेला होता.

"बोट मिळाली का गं तिला?"

"मिळाली गो. पन ट्रकमधून उतरायलाच तयार नव्हती!"