आमच्या साडूंचं उजवं बोट

एका माणसाला दुसऱ्याबद्दल जेवढी तुच्छता वाटू शकते, तेवढी सगळी आमच्या साडूंनी एकट्यानं वापरून टाकली होती. भिलाईत बाकी कुणासाठी ती उरलीच नव्हती. रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, पण त्यांचं खरं आयुष्य गेलं कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्लबात, कॅरम बोर्डासमोर. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. कॅरम न खेळणारी, म्हणजे फुकट गेलेली, आणि कॅरम खेळणारी, म्हणजे चुकीचं खेळणारी. राग जास्त या दुसऱ्या प्रकारावर. मिलमधल्या एका जुन्या सोबत्याच्या तेरवीला सगळे त्याच्या मनमिळाऊपणाबद्दल बोलत होते, तेव्हा साडूंनी घास गिळून सांगितलं, की माणूस मनानं फार चांगला होता, पण त्याला कट कधी मारता आला नाही. हे त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर. वाईट याचं वाटतं, की ते खरं होतं.

मी चरोद्याच्या रेल्वे ऑफिसातला कारकून. मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरचे थोरले जावई म्हणून हे तिथं हजर होते आणि पोह्यांच्या आधी माझ्यासमोर कॅरम आला. मी दोन डाव हरलो. साडूंनी आत जाऊन सासऱ्यांना जो अहवाल दिला तो मला बाहेर नीट ऐकू आला: पोरगा अंगठ्यानं मारते, पण स्वभावानं गरीब हाय, पोरीले तरास देणार नाही. या दाखल्यावर माझं लग्न झालं. त्यानंतर बावीस वर्षं दर रविवारी मी चरोद्याहून स्कूटर हाणत क्लबात गेलो आणि त्यांचा पार्टनर म्हणून त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून शिव्या खाल्ल्या. आमची ही त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो. ते मला बाबू म्हणतात, कारण मिलमधल्या माणसाच्या मते खुर्चीवर बसून पगार घेणारा तो बाबू. एकदा मी चुकून राणीही घेतली आणि तिच्यावर कव्हरही घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडू एवढंच म्हणाले, की आंधळ्याच्या गाई देव राखतो. नंतर चहासुद्धा मलाच आणायला लावला.

स्वतःच्या उजव्या हाताच्या तर्जनीला मात्र त्यांनी राजाच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्या बोटानं त्यांनी कधी दाराची घंटा दाबली नाही, पाठ खाजवली नाही, कुणाकडे बोट दाखवायचं असेल तर डाव्या हाताचं दाखवलं. पाण्याची बादली डाव्या हातानं, भाजीची पिशवी डाव्या हातानं आणि दोन्ही हात लागतील असं कुठलंही काम ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं. दर शनिवारी त्या नखाची कापणी चाले, तेव्हा घरात रेडिओ बंद. ताई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "सासूचा जाच मले कधी झाला नाही. या बोटाचा झाला."

तर हे बोट बधिर व्हायला लागलं. कुठल्याही शहाण्या माणसाला आधी हाताची शंका आली असती. साडूंना आली पावडरची. क्लबाच्या पावडरीत मैदा मिसळतात असं त्यांनी जाहीर केलं. दुर्गहून नवे डबे आणले, मग रायपूरहून आणले. मग बोर्ड दमट आहे असं ठरलं आणि तो आठवडाभर गच्चीवर उन्हात पडला, तेव्हा कुठं तो खरोखरच वाकला. नवा बोर्ड आला. मग स्ट्रायकर हलका ठरला. मग मी समोर बसून जोरात श्वास घेतो हे कारण सापडलं. क्लबाचे सेक्रेटरी, फार सज्जन माणूस, मैद्याच्या आरोपापायी राजीनामा देऊन मोकळे झाले. हा सगळा तमाशा तीन वर्षं चालला. तीन वर्षं हा माणूस झोपेतून उठून हात झटकत होता, शर्टाची बटणं ताईंकडून लावून घेत होता आणि आमच्याशी पावडरवर भांडत होता. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

शेवटी एक दिवस त्यांनी कडकडीत चहाचा पेला हातात धरला आणि तसाच धरून बसले. ताईंनी ओरडून तो काढून घेतला. तर्जनीवर फोड आला होता आणि यांना पत्ता नव्हता. रायपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की मनगटात एक अरुंद वाट असते, तिच्यातून हाताची नस जाते, ती वाट आवळली म्हणून नस दबली आहे. ऑपरेशन करून वाट मोकळी करता येईल, पण तुम्ही फार उशिरा आलात. जाणीव परत येईल किंवा येणारही नाही. साडूंनी विचारलं, स्ट्रायकर कधी धरता येईल? डॉक्टरांनी विचारलं, स्ट्रायकर म्हणजे काय? त्या क्षणी ते डॉक्टर साडूंच्या मनातून उतरले. हात मात्र त्यांच्याच स्वाधीन करावा लागला.

ऑपरेशन चांगलं झालं. मुंग्या गेल्या, झोप लागायला लागली. बोट मात्र लाकडाचं ते लाकडाचंच. सहा महिने वाट पाहिली आणि मग कुणीतरी कुम्हारीच्या लेझरवाल्याचं नाव सांगितलं. हायवेला टायरच्या दुकानावर एक खोली, भिंतीवर माणसाच्या अंगभर ठिपके काढलेला तक्ता आणि पांढऱ्या कोटातला एक मऊ बोलणारा तरुण. ॲक्युपंक्चर, पण सुई नाही. मनगटावर, तळव्यावर शाईनं खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर पेनाएवढ्या यंत्रातून लाल उजेड धरायचा. यंत्र टुंई करतं, मग पुढची खूण. मला विचाराल तर पोरं भिंतीवर लाल ठिपका नाचवून मांजराला पळवतात त्यात आणि यात फरक एवढाच, की मांजर फी देत नाही. मी हे बोलूनही दाखवलं. साडू म्हणाले, बाबू, तुमाले जे समजत नाही त्यावर तुमी कायले बोलून राहिले? आणि स्कूटरवर मागं बसले. दहा बैठका होत्या. दहाही वेळा त्यांना मीच नेलं.

तिथंही माणूस सुधारेल तर शपथ. दोघांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, लेझरवाला वाकून ठिपका धरतोय आणि हे वरून नेम तपासताहेत. "जरा डावीकडे घ्या. कट मारून राहिले तुम्ही. सरळ मारा." तो बिचारा हिंदीत समजावायचा, अंकल, एवढ्यातेवढ्यानं काही बिघडत नाही. साडू मला मराठीत सांगायचे, याचा हात कापते, याले माझ्या हाताखाली दोन वर्षं ठेवलं पायजे. तिसऱ्या बैठकीला त्यांनी त्याचं कोपर टेबलावर कसं टेकवायचं ते शिकवलं. पाचव्या बैठकीपासून त्याचा ठिपका खरंच हलेनासा झाला. त्या दहा बैठकांत कुणाला गुण आला असेल तर तो लेझरवाल्याला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण घरी ते माझ्याकडून परीक्षा करवून घेत. डोळे मिटायचे, हात टेबलावर उताणा. मी तर्जनीच्या टोकावर सोंगटी ठेवायची किंवा ठेवायची नाही आणि त्यांनी आहे की नाही ते सांगायचं. निम्मी उत्तरं चुकत. तेवढी तर नाणं उडवूनही चुकतात. मी खरं सांगत असे आणि त्यात मला, कबूल करतो, थोडा बावीस वर्षांचा हिशेब चुकता केल्याचा आनंदही होत असे. दहाव्या बैठकीनंतर मी काहीच ठेवलं नाही. ते बराच वेळ थांबले. ताई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभ्या होत्या. मग साडू म्हणाले, आहे. त्यांचा तो उताणा, टाक्यांचा व्रण दिसणारा हात पाहून माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, बरोबर. ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

त्या रविवारी ते वर्षभरानं क्लबात आले. मी आधीच जाऊन सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की लेझरनं कमाल केली. साडूंनी बोर्डावर पावडर टाकली, स्ट्रायकर रेषेवर ठेवला, बोट वाकवलं आणि मारलं. स्ट्रायकर कुठल्याही सोंगटीला न लागता तिरका जाऊन समोरच्या पॉकेटात पडला. त्यांनी पुन्हा मारला, पुन्हा तेच. पावडरबद्दल ते काही बोलले नाहीत, बोर्डाबद्दल नाही, माझ्या श्वासाबद्दलही नाही. मग माझी पाळी आली. मी मारला तो मार लहान पोरालाही लाज आणील असा होता. सोंगटी दोन भिंतींना आपटून भलत्याच पॉकेटात गेली. सगळे साडूंच्या तोंडाकडे बघायला लागले. ते म्हणाले, "चांगला मारला, बाबू."

लोक हसले. त्यांना वाटलं टोमणा आहे. मी समोर बसलो होतो, मला दिसत होतं की टोमणा नव्हता.

परत जाताना स्कूटरवर मी म्हणालो, भाऊजी, तो मार चांगला नव्हता.

"ठाऊक हाय मले," ते मागून म्हणाले. "त्या दिशी बोटावर बी काई नव्हतं. मी डोळे किलकिले करून पाहून राहिलो होतो."

मी विचारलं, मग आहे कशाला म्हणालात?

"तुमी काय म्हणता ते पाहाचं होतं."

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. बावीस वर्षांत जो माणूस त्यांच्याशी कधी गोड बोलला नव्हता तो गोड बोलला, त्या अर्थी आता काही उरलं नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मी विचारलं, मग आज क्लबात आलातच कशाला, एवढ्या लोकांत? त्यावर ते म्हणाले, "तुमी एवढ्या मनापासून खोटं बोलले. घरात बाई आनंदानं रडली. ते वाया कसं जाऊ द्याचं?"

साडू अजूनही दर रविवारी क्लबात येतात. खेळत नाहीत, माझ्या बाजूला खुर्ची घेऊन बसतात आणि प्रत्येकाला चांगला मारला म्हणतात. नव्यानं यायला लागलेल्या पोरांना ते फार आवडतात. अंकल किती साधे आहेत, कधी कुणाला वाकडं बोलत नाहीत, असं ती पोरं मला कौतुकानं सांगतात. माझा जीव तुटतो. हा माणूस किती वाईट बोलायचा, ते यांना कुणी आणि कसं सांगावं?