सोनगीर ते नरडाणा: घोडीवरून ओव्हरटेक

तिरुपूरला दिवसभर बनियनांच्या घड्या घालून डोकं सडलं होतं, तेवढ्यात मामाचा फोन आला. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, आणि त्याची वरातीची घोडी चांदणी सोनगीरहून नरडाण्याला न्यायची होती. मी लगेच हो म्हणालो. शेवटची घोडी कधी चालवली ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जळगावला उतरून भरीत-पुरी दाबली. धुळ्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. रस्ता झकास, बस जोरात असते तिथेच फक्त खड्डे.

मामा म्हणाला, "वरात संध्याकाळले शे. पन घोडीना पाय सांभाळ. लंगडी झायी ते बठ्ठा हंगाम गया."

हायवेवर ट्रक, म्हणून गाडरस्ता धरला. एकीकडे कपाशी, दुसरीकडे पाटचारी. पुढे एक म्हातारबा पांढऱ्या घोडीवर, बैलगाडीने हॉर्न द्यावा अशा चालीने. मी हुशार. मोबाइलवर बँडचं गाणं लावलं, टाच मारली आणि शेजारून घुसलो.

वरातीच्या घोडीला गाणं ऐकलं की नाचायचं, एवढंच शिकवलेलं असतं. पांढरीही वरातीचीच निघाली, त्या अरुंद वाटेत दोघी नाचायला लागल्या. पांढरीने लाथ झाडली. चांदणीचा पाय थोडक्यात वाचला, माझी नडगी नाही वाचली.

"मुका शे का रे भाऊ?" म्हातारबा म्हणाले. "ते गानं बंद कर पहिले."

"नाना, घाई शे. वरात शे."

"मंग लांबथून आवाज दे. मी हा म्हनसू तव्हय चालत चालत निंघ. पुढे जाईसन बी पळाडू नको, मनी घोडी मांगे धावी."

वाचणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा: आधी आवाज, मग होकार, मग चालत पुढे, आणि पुढे गेल्यावरही पळवायचं नाही, नाहीतर मागची घोडी धावते. मीही ठेवलं. थोडं मागे राहून अदबीने विचारलं, "नाना, येऊ का?"

"नही. आठे वाट अरुंद शे."

पुढच्या वळणावर परत विचारलं.

"मी सांगसू ना."

नरडाण्याची घरं दिसली तेव्हा नाना म्हणाले, "जाय आते."

लग्नघरी पोचलो तोवर नवरदेव मोटारसायकलवर बसून निघून गेला होता. त्याचा चुलता म्हणाला, "घोडी आनी शे, का कासव?" मी नानांचं नाव सांगितलं नाही. सांगणार तरी काय, मी ते विचारलंच नव्हतं.

परतीला एक रिकामा टेम्पो मिळाला, त्यात चांदणीला चढवून सोनगीरला आलो. मामाने बसल्या बसल्या चांदणीच्या चारही पायांवरून हात फिरवला. माझ्या नडगीकडे बघायला त्याला वेळ नव्हता.

आता तिरुपूरला लंगडत घड्या घालतोय. नरडाण्यात मामाचं गिऱ्हाईक गेलं, ते माझ्यामुळेच. पण परवा त्याने शिरपूरच्या लग्नातून व्हिडिओ कॉल केला. वाजंत्री चालू होती, आणि चांदणी चारही पायांवर नाचत होती.