साक्री रोडवर चंदनबाई

दीपचंद शेठ गेले तेव्हा चंदनबाई रडल्या नाहीत. धुळ्याच्या बाजारातली माणसं बैठकीला येऊन गेली, बायका गळ्यात पडून रडल्या, आणि जाताना एकमेकींना सांगून गेल्या की बाईंनी फार धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता. आतून काही येतच नव्हतं.

त्याआधीची सहा वर्षं शेठ अंथरुणाला खिळून होते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कापडाचं दुकान मुलगा अखिल बघू लागला आणि चंदनबाईंनी नवऱ्याचं सगळं अंगावर घेतलं. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चमच्याने मुगाचं पाणी भरवायचं. बाई ठेवू असं अखिल पुष्कळदा म्हणाला, पण शेठ परक्या हाताने जेवत नसत. त्या वर्षांत चंदनबाई लग्नाला गेल्या नाहीत, स्थानकात साधूंच्या प्रवचनाला गेल्या नाहीत, गच्चीवरसुद्धा क्वचितच. दिवाळीच्या तोंडावर शेठ गेले. पलंग मागच्या खोलीत गेला. चंदनबाई मग पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायला लागल्या. जेवायला हाक मारली की उठायच्या, टीव्ही लावला की बघायच्या, बंद केला तरी तिकडेच बघायच्या.

सून प्रियल जैन समाजाच्या महिला मंडळात होती. मंडळाने मार्गशीर्षात मोफत आरोग्य मेळावा ठेवला होता, साक्री रोडला लागून असलेल्या मैदानावर. 'चला, हलते राहू या' असा फलक कमानीवर होता. प्रियलने सासूला आग्रह केला नाही. फक्त सकाळी गाडीचं दार उघडून उभी राहिली, आणि चंदनबाई बसल्या.

मैदानावर गर्दी होती. एका कोपऱ्यात बायका गाण्यावर हातपाय हलवत होत्या, दुसरीकडे हास्यक्लबवाले आजोबा हात वर करून हसत होते. नाचणीच्या लाडवांचा स्टॉल होता, डोळे तपासायला रांग होती. चंदनबाईंचं रक्त काढलं, दाब घेतला, छातीची ईसीजीची पट्टी काढली. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, या वयात इतकं चांगलं? सगळं व्यवस्थित आहे."

"काहीच नाही निघालं?" चंदनबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. खरं तर काहीतरी निघेल असं त्यांना वाटलं होतं. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांनी हे प्रियलला सांगितलं.

शेवटी साठीपुढच्यांची चालण्याची स्पर्धा होती. मैदानातून निघायचं, पेट्रोल पंपापाशी वळायचं, परत यायचं. चंदनबाईंच्या पदरावर कुणीतरी नंबराचा कागद टाचला. शिट्टी वाजली. बाकीचे चालले म्हणून त्याही चालल्या.

पंपापाशी मंडळाच्या दोघी ताकाचे ग्लास घेऊन उभ्या होत्या. एक म्हणाली, "काकी, इथून वळायचं." चंदनबाईंनी ते नीट ऐकलं. पण पाय वळले नाहीत. त्या दोघींना वाटलं, पुढे कुणाची गाडी उभी असेल. मागून आलेल्यांना ताक देण्यात त्या गुंतल्या.

चंदनबाई चालत राहिल्या. रस्ता ओळखीचा होता. पुढे साक्री, त्याच्यापुढे पिंपळनेर. पिंपळनेरला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. लहानपणी त्या दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या पोरींबरोबर अहिराणी बोलायच्या. वडील गेले, भावांनी दुकान विकलं आणि ते सुरतेला गेले. तिकडे जायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. ट्रक जवळून जायचे, पदर उडायचा, त्या तो सावरायच्या. घरं संपली, मग गोदामं संपली. दोन्ही बाजूंना कपाशी लागली.

एका शेताच्या बांधावर तानुबाई नावाची शेतकरीण कापूस वेचता वेचता दम खात बसली होती. तिचंच शेत, पाऊस देईल तेवढंच पिकणारं. पांढऱ्या साडीतली, पदराला कागद टाचलेली म्हातारी एकटी चालताना पाहून तिने हाक मारली.

"माय व, कथा चालनी?"

चंदनबाई थांबल्या. कुठे निघालीस, असं ती अहिराणीत विचारत होती. इतक्या वर्षांत ही भाषा त्यांच्या तोंडात आली नव्हती. घरात मारवाडी, दुकानात मराठी.

"कथाच नही," त्या म्हणाल्या.

"घरमा कोन शे?"

"पोऱ्या, सून, बठ्ठा शेतस. धनी नही."

"कव्हय गया?"

"दिवाईना आगे."

तानुबाईने त्यांना बांधावर बोलावलं. कळशीतलं पाणी दिलं, निंबाच्या सावलीत पोतं अंथरलं आणि म्हणाली, "बठ मंग आठे." आणि स्वतः पुन्हा ओळीत शिरली. थोड्या वेळाने चंदनबाई उठल्या आणि शेजारच्या ओळीत बोंडं वेचायला लागल्या. तानुबाईने पाहिलं आणि आपली ओळ पुढे चालू ठेवली.

इकडे मैदानावर बक्षिसं वाटताना सासू परतलेली नाही हे प्रियलच्या लक्षात आलं. तिने अखिलला फोन केला. तो दुकान तसंच टाकून निघाला, आधी गल्ल्या पाहिल्या, मग साक्री रोड धरला. दुपार कलताना त्याला कपाशीत आई दिसली. तिची ओटी कापसाने भरलेली होती आणि बोटं बोंडांच्या टोकांनी खरचटली होती.

लहानपणापासून तो तिला बाईच म्हणायचा. "बाई, वळली का नाहीस?"

"सुचलं नाही," ती म्हणाली. रागावून नाही, लपवूनही नाही.

त्या आठवड्यात मेंदूचे फोटो निघाले, विसरण्याच्या आजाराची चाचणी झाली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. अखिलने कॉलनीतल्या बागेत फिरायला जा म्हणून सांगितलं. त्या एकदा गेल्या. बाग गोल होती. फिरून फिरून त्याच बाकापाशी यायचं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी साक्री रोडला लागल्या.

अखिलचं आणि त्यांचं त्यावरून बरेच दिवस चाललं. गाड्यांची भीती त्याला खरीच होती. पण दीपचंद शेठची बायको दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते हे लोक बघतील, हेही त्याच्या बोलण्यात आलं. चंदनबाईंनी ऐकून घेतलं आणि जायचं तसं गेल्या. शेवटी प्रियलने तोड काढली. फोन जवळ ठेवायचा, रस्त्याच्या अगदी कडेने चालायचं, येताना रिक्षाने यायचं. एवढं मात्र त्या पाळू लागल्या.

कापूस संपला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, तरी त्या जात राहिल्या. तानुबाई आणि त्या फारसं बोलत नसत. कधी भाकरी अर्धी व्हायची; सूर्य मावळल्यावर चंदनबाई खात नसत, पण दुपारची भाकरी चालायची. कांदा त्या बाजूला ठेवायच्या, तानुबाई तो उचलून खायची.

रडू त्यांना अजूनही आलेलं नाही. मन जरा मोकळं झालं का, असं प्रियलने उन्हाळ्यात एकदा विचारलं. चंदनबाईंनी विचार केला.

"तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण सकाळी उठल्यावर चपला कुठे काढल्यात ते आठवतं."

प्रियलने चहा ओतला. चंदनबाईंनी तो उभ्यानेच घेतला आणि ऊन चढायच्या आत निघाल्या.