झाकलेलं चित्र

मोरोक्कोतल्या तफ्राऊत गावी मशिदीलगतच्या खोलीत तामो दुपारी बायकांना वाचायला शिकवायची. ती स्वतःच चाळिशीत, तीन मुलींची लग्नं उरकून, वाचायला शिकलेली आणि मग शिक्षिका झालेली. त्यामुळे अक्षरं समोर आली की बाईला घाम का फुटतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्या वर्षी वर्ग चालवणाऱ्या संस्थेनं चित्रांची पुस्तकं पाठवली. दर पानावर मोठं रंगीत चित्र, खाली एक ओळ. "किती उपयोग होतो, त्याचा अहवाल द्या," संस्थेच्या इद्दर साहेबांनी बजावलं.

पंधरा दिवसांत वर्ग घडाघडा वाचू लागला. तामो हरखून गेली.

मग एकदा साठीच्या इज्जानं वाचलं, "मुलगा चहा पितो." ओळीत होतं 'दूध'. चित्रात मात्र पेला, तोही चहाचाच. तामोनं शेजारणीला विचारलं. तिचाही चहाच! सगळ्या वर्गानं चहाच वाचला.

तामोनं चित्रावर तळहात ठेवला. "इज्जाबाई, आता वाचा."

इज्जाचं बोट ओळीवर अडून राहिलं.

"हात काढ गं बाई," इज्जा कुरकुरली. "दिवा विझवून सुईत दोरा ओवायला लावतेस!"

इतके दिवस बायका चित्रंच वाचत होत्या आणि तामो मान डोलवत होती.

तिनं वर्गाचे दोन गट केले. एका गटाची पुस्तकं तशीच ठेवली. दुसऱ्या गटाच्या चित्रांवर साखरेच्या ढेपेला गुंडाळलेला असतो तो निळा कागद चिकटवला. दर गुरुवारी ती सगळ्यांकडून सुटे शब्द वाचून घेई. कागदवाल्या बायकांना दुसऱ्यांपेक्षा दुप्पट शब्द येऊ लागले. पण त्या गटातल्या नऊजणींपैकी पाचजणी यायच्याच बंद झाल्या. त्यांच्यातली रकूश तर तोंडावर म्हणाली, "नुसत्या ओळी म्हणजे कोरडी भाकर. घशाखाली उतरत नाही."

मग तामोनं कागद फक्त वरच्या कडेला चिकटवला. आधी ओळ वाचायची, मग कागद उचलून पडताळायचं. गेलेल्या बायका एकेक करून परतल्या.

एके दिवशी रकूशनं कागद उचलला आणि ती खो-खो हसत सुटली. "बाई, ओळीत शेळ्या दोन, चित्रात तीन! त्या चित्रवाल्याला बसवा आमच्या वर्गात!"

अहवाल पाहून इद्दर साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चित्रांमुळे वाचन सुधारलं, एवढंच लिहा ना. वर पाठवायचंय मला."

"चित्रांमुळे बायका टिकल्या, साहेब. वाचायला शिकल्या त्या चित्र झाकल्यावर. यातलं एक खोडलंत, तर दुसरंही खोटं ठरेल."

साहेबांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग काही न खोडता त्यांनी सही केली.

वरून उत्तर आलंच नाही. पुढच्या वर्षी तीच पुस्तकं आली. इज्जा तोवर अगादीरला लेकीकडे राहायला गेली होती. वसंतात तिचं पत्र आलं. पाच ओळी, दोन चुका, अक्षर वेडंवाकडं. तामो वर्गाला वाचून दाखवायला उभी राहिली. दुसऱ्या ओळीला थांबून ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग रकूशनं पत्र तिच्या हातातून घेतलं आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचलं.