मामांचं लिंपण

जगातला सगळा हट्ट आमच्या हिच्या मामांनी एकट्यानं उचलून इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आणला, असं माझं ठाम मत आहे. मामा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. दिवसातून वीसदा हात धुणार, आमच्याकडे आले की चहाआधी साबण तपासणार. असा माणूस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मासिकात एक फोटो बघतो काय आणि जाहीर करतो काय, "जावईबापू, आफ्रिकेत मालीला जायचं. जेने म्हणून नदीकाठचं गाव आहे, अख्खं मातीचं. तिथली मशीद दरवर्षी सगळं गाव मिळून हातानं लिंपतं!" मी म्हटलं, "मामा, आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. शेणामातीतून सुटायला शिकलो, आणि तुम्ही तिकीट काढून मातीत नेताय?" "म्हणूनच तुम्ही हवेत. तुम्हाला लिंपता येतं."

मालीत फ्रेंच चालतं, म्हणून मग कारमध्ये फ्रेंचच्या कॅसेट सुरू झाल्या, आणि गार्डनमधल्या शेडला माती, गवत न् घोड्याची लीद. शनिवारी मामा लिंपायचे, रविवारी पाऊस धुवायचा. शेजारणीनं कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवलं. कौन्सिलचा माणूस नाक धरून आला, मामांनी त्याच्या हातात घमेलंच दिलं. तासाभरानं तो गेला तेव्हा शेडची एक बाजू त्याची होती.

"अहो मामा, हे वेड कशापायी?" मी एकदा विचारलंच. मामा म्हणाले, "पहिल्या पगारात आईला न विचारता गावच्या घरात फरशी घातली. तिनं लिहिलं, छान झाली. सुट्टीत गेलो, तर चुलीपुढची हातभर फरशी काढून तिनं तेवढंच सारवलेलं. तिथंच बसून जेवायची. ती गेली तेव्हा मी इथं ऑन-कॉल. एकदा तरी या हातांनी लिंपायचंय."

जेनेला पोचलो तर मशिदीचं लिंपण आठवड्यापूर्वीच उरकलेलं! माती कधी मुरली ते तिथले गवंडी ठरवतात, मामांची लीव्ह नव्हे. मला वाटलं, आता माणूस खचणार. छे! मोडक्या फ्रेंचमध्ये मामा दारोदार विचारत सुटले, कुणाची भिंत राहिलीय का? एका म्हाताऱ्या गवंड्यानं स्वतःच्या घराची दिली. मामांनी घड्याळ माझ्याकडे दिलं, कोपरापर्यंत हात बुडवले आणि मनगट फिरवत भिंतीवर कमानी ओढायला लागले. त्यांच्या आईच्या सारवणातल्या. गवंडी खो खो हसला. मागून तळवा फिरवत त्यानं सगळं सपाट केलं. कोपऱ्यातल्या दोन कमानी मात्र तशाच ठेवल्या.

परतीच्या विमानात जेवण आलं. मी म्हटलं, "मामा, हात धुऊन या."

"राहू द्या," म्हणाले, आणि चमच्यानं जेवले. कॉव्हेंट्रीत पोचलो तरी नखांत ती माती होती. सोमवारी सकाळी ऑपरेशन थिएटरला जाण्याआधी धुवावीच लागणार होती.