मराठीतच तर बोलतायत

आधीच सांगतो, मी इंजिनिअर माणूस. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून ‘योगायोग असेल’ अशी कमेंट टाकणाऱ्यांत पहिला मीच असायचो. म्हणूनच या प्रकाराचा मला जास्त वैताग येतो.

२०१४चा नोव्हेंबर, जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग. बायको केतकी नुकतीच बाळंत झाली होती आणि सासूबाई पुण्याहून बाळंतपणाला आल्या होत्या. सासरे तिकडे एकटेच. फोनवर म्हणायचे, माझं उत्तम चाललंय. आईंचा जीव तिकडेच असायचा, पण जावयाकडे ‘मला परत पाठवा’ कसं म्हणणार? उलट आम्हीच त्यांचं तिकीट पुढे ढकलायचं ठरवलं, तर निमूट ‘बरं’ म्हणाल्या.

रविवारची दुपार. केतकी आत झोपलेली, बाळ आईंच्या मांडीवर, मी कपड्यांच्या घड्या घालत होतो. टीव्हीवर एक जुना जपानी सिनेमा लागला होता... काळापांढरा, तलवारी, किल्ले. बोलणं जपानी, खाली जर्मन सबटायटल्स. आईंना जर्मन येतं ते ‘डांके’, म्हणजे ‘थँक यू’पुरतं. तरी त्या मला गोष्ट सांगायला लागल्या — ही दाई, सरदाराचं बाळ सांभाळते, नवरा गावी आजारी आहे. म्हटलं, चेहरे बघून अंदाज लावतायत. पण मग त्या अख्खी वाक्यंच बोलायला लागल्या आणि खालच्या जर्मन ओळी तंतोतंत जुळत होत्या. माझ्या हातातलं झबलं तसंच राहिलं.

शेवटी दाई सरदारापुढे गुडघे टेकून बसली. आई हळूच म्हणाल्या, “बाळ आता सुखरूप आहे. माझ्या माणसाला पाणी द्यायला कोणी नाही. मला जाऊ द्या.” आणि त्यानंतर तेच वाक्य जर्मनमध्ये खाली आलं. मी स्वतः वाचलं!

“आई, तुम्हाला कसं कळतंय हे?”

“अहो निखिलराव, मराठीतच तर बोलतायत.” डोळे पुसत होत्या.

ते वाक्य मला दाईचं नाही, आईंचंच वाटलं. केतकीशी भांडण झालं, पण मी मिळेल त्या विमानाने आईंना पाठवलं. पुण्याच्या घरी बाबा तापाने फणफणलेले, कोणाला पत्ता नाही. त्याच आठवड्यात गेले... पण आईंच्या हातचं पाणी पिऊन गेले.

पुढे मी तो सिनेमा डीव्हीडीवर मागवला. त्या प्रसंगात दाई चकार शब्द बोलत नाही हो! वाकते, उठते, बाळाकडे जाते. खाली एकही ओळ नाही. नवरा तिकडे एकटाच मरतो. ऑफिसातला जर्मन मित्र म्हणतो, दुसरी प्रिंट असेल. बरं, असेल! आणि मराठीचं काय? यावर तो कॉफी आणायला जातो.

मागे एकदा न राहवून आईंनाच फोनवर सांगितलं, ती बाई त्यात काही बोलतच नाही. त्या म्हणाल्या, “ती बोलली नसती, तर मी तरी तुमच्यापुढे कुठे बोलले असते?”

याचा उलगडा तुम्हाला सुचलं तर सांगा. फक्त योगायोग म्हणू नका.